चेंडू उत्तम येत होता

फट्!

तासभर थोपटून कशीबशी झोपवलेली चिसा दचकली. तोंडातला अंगठा निसटला, मग आपोआप जागेवर गेला. मी श्वास रोखून बसले. घर पुन्हा चिडीचूप झालं, आणि व्हरांड्यातून तो आवाज दुसऱ्यांदा आलाच. फट्!

"बाबा!" मी दबक्या आवाजात ओरडले.

"टॉवेल आहे," बाहेरून उत्तर आलं.

"ऐकू आलं. हळू झटका ना. आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा."

"हळू झटकलं की सुरकुत्या राहतात."

"राहू देत. टॉवेलच आहे, नवरदेवाचा किमोनो नाही."

बाबांनी जरा विचार केला असावा, कारण तिसऱ्या टॉवेलला वेळ लागला. पण तो असा कडाडून आला की शेजारच्या ओकुनोकाकूंचं कुत्रं भुंकायला लागलं. माझ्या वडिलांना हळू आवाज काढता येत नाही. त्यात त्यांचा काही दोष नाही. बावीस वर्षं त्यांना आवाजाचाच पगार मिळत होता.

कादोवाकी इसामु म्हणजे आमच्या गावच्या काराहामा पेलिकन्स या बेसबॉल संघाचे बुलपेनमधले कॅचर. बुलपेन म्हणजे मैदानाच्या कडेला जाळीमागची एक अरुंद पट्टी. सामन्यात उतरण्याआधी पिचर तिथे चेंडू टाकून हात गरम करून घेतात. ते चेंडू झेलायला कोणीतरी लागतं, ते बाबा. एकविसाव्या वर्षी संघात आले, त्रेचाळिसाव्या वर्षी निवृत्त झाले, आणि एवढ्या काळात एकही सामना खेळले नाहीत. हे कोणाला सांगितलं की आधी हसू येतं आणि मग लोक सभ्यपणे विचारतात, "म्हणजे राखीव होते का?" राखीव माणसाला निदान आशा तरी असते.

झेलणं हे त्यांचं निम्मं काम. उरलेलं निम्मं म्हणजे फट्. चेंडू मिटच्या, म्हणजे कॅचरच्या चामडी हातमोज्याच्या, जाळीत घेतला तर हाताला लागत नाही, पण आवाज येतो तो भिजलेल्या गादीवर कोणी बसल्यासारखा. तोच तर्जनीच्या मुळाशी, बरोब्बर दोन बोटं जागेत घेतला, तर वरच्या रांगेतला माणूस खाता खाता मान वळवतो. त्यासाठी बाबांनी मिटच्या तळव्यातला भराव उसवून काढून टाकला होता. चामडं आणि हाड, मध्ये काही नाही. डाव्या हाताचं ते बोट आता कायमचं वाकडं आहे. फट् झालं की लगेच ओरडायचं, "वा! आग आहे, आग!" पिचर लोक अंगाने बैल आणि मनाने नवी नवरी असतात, असं बाबांचं मत. त्यांना आपला चेंडू दिसत नाही, फक्त ऐकू येतो.

यंदा पेलिकन्सला साठ वर्षं झाली आणि क्लबने जाडजूड स्मृतिग्रंथ काढायचं ठरवलं. चिसा व्हायच्या आधी मी छापखान्यात पानं लावायचे, जुने फोटो साफ करायचे. आता तेच काम घरी, बैठ्या टेबलावर, दुपारी एक ते अडीच, म्हणजे चिसा झोपेल तेवढा वेळ चालतं. क्लबचे प्रसिद्धीप्रमुख त्सुरुमाकीसाहेब म्हणाले, "ताई, तुम्ही तर घरच्याच. तुमच्या वडिलांचंही एक पान टाकू. 'बुलपेनच्या आठवणी.'"

ते ऐकल्यापासून बाबा बदलले. स्टुडिओत जाऊन टाय लावून फोटो काढून आले. न्हाव्याला सांगितलं, तांदूळवाल्याला सांगितलं, ओकुनोकाकूंना दोनदा सांगितलं. रोज सकाळी मला सहज विचारल्यासारखं विचारायचे, "ते पान उजवीकडचं की डावीकडचं?"

"अजून ठरलं नाही, बाबा."

"उजवीकडचं आधी दिसतं."

ग्रंथ म्हणजे काय, तर संघाच्या पराक्रमांचा इतिहास. पराक्रम एकच, १९७९चं विजेतेपद. चौदा वेळा संघ तळाला होता, त्या चौदा वर्षांना 'उभारणीचा काळ' म्हणायचं ठरलं. इतक्या उभारणीत एखादा किल्ला झाला असता. मालक तीन झाले. आधी माशांच्या वड्या करणारी कंपनी, मग एकाच मार्गावर धावणारी रेल्वे आणि आता बाथटब बनवणारे. त्यामुळे संघाच्या चिन्हातला पेलिकन हल्ली टबात बसलेला असतो, आणि तो तिथे आधीपेक्षा खूश दिसतो हे मान्य करायला हवं.

बाकीच्या गोष्टींसाठी त्सुरुमाकीसाहेबांनी मला शब्दांची यादीच पाठवली होती. १९७४ साली समोरच्या संघाच्या खुणा चोरायला धावफलकाच्या पोटात दुर्बीण घेऊन बसलेला माणूस सापडला, तो 'माहिती गोळा करण्यातला अतिउत्साह'. १९८८ साली आपल्या फटकेबाजांचे चेंडू कुंपणाच्या थोडे अलीकडे पडायला लागले आणि एका आठवड्यात कुंपणच दोन मीटर आत आलं, ती 'प्रेक्षकांची सोय'. परदेशातून आणलेला खेळाडू सांगितल्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा निघाला, तो 'अनुभवसंपन्न'. आणि १९८१ला 'दुःखद घटनांचं वर्ष' म्हणून पुढच्या वर्षाकडे वळायचं.

१९८१ म्हणजे हासेबे. हे नाव गावात मोठ्याने कोणी घेत नाही. डावखुरा पिचर, १९७९च्या विजयाचा नायक. दोन वर्षांनी एका सामन्यात संघ चार धावांनी पुढे असताना तो उतरला आणि अकरा चेंडूंत सामना घालवून परत आला. पुढच्या महिन्यात एक सट्टेबाज पकडला गेला. त्याच्या वहीत हासेबेचं नाव होतं. चौकशी झाली, ठपका ठेवला गेला की मुद्दाम हरला, आणि हासेबेवर जन्मभराची बंदी आली. खेळायला बंदी, शिकवायला बंदी, मैदानाच्या फाटकातून आत यायलासुद्धा बंदी.

मुखपृष्ठासाठी फोटो ठरला तो अर्थातच १९७९चा. विजयानंतर खेळाडू मॅनेजरला हवेत उडवतात, तो क्षण. मॅनेजर इगारी आडवे, हातपाय पसरलेले, टोपी उडालेली, आणि खाली हातांचं रान. त्या गर्दीत बाबाही आहेत. त्यांचा चेहरा एका पाठीमागे लपलाय, पण वर आलेले दोन हात त्यांचेच. वाकडं बोट लांबूनही ओळखू येतं. बावीस वर्षांत ते मैदानात गेले ते त्याच दिवशी, आणि तेही कोणीतरी ओढून नेलं म्हणून.

"तेवढा हासेबे काढून टाका," त्सुरुमाकीसाहेबांचा फोन आला.

मी काढला. त्याच्या जागी मागचं आकाश ओढून घेतलं. तीन दिवसांनी पुन्हा फोन.

"ताई, तो उजवीकडचा जाड माणूस आहे ना, तो पुढे नगरसेवक झाला होता."

"मग चांगलंच की."

"आणि मग आत गेला होता."

तो गेला. मग कर बुडवणारा गेला. मग ज्याच्या उपाहारगृहात सतरा जणांना विषबाधा झाली तो गेला. दुर्बीणवाल्याला खुणा करणारा गेला. दर दुपारी चिसा झोपली की मी एकेकाला पुसायचे आणि तिथे स्वच्छ निळं आकाश भरायचे. आठवडाभराने फोटोत मॅनेजर इगारी हवेत तरंगत होते आणि खाली फक्त दोन हात उरले होते, त्यातलं एक बोट वाकडं.

"अहो, हे फारच प्रतीकात्मक झालंय," त्सुरुमाकीसाहेब खूश होऊन म्हणाले. "एकटा निष्ठावान माणूस! वडिलांना दाखवा."

बाबांनी फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "बाकीचे कुठे गेले?"

"काढायला सांगितले."

"इगारी साहेब शहाऐंशी किलोचे होते," बाबा म्हणाले आणि फोटो पालथा ठेवला. "बस. माझं पान सांगतो. लिहून घे."

मी पेन्सिल घेतली. चिसा शेजारी बसून संत्री सोलत होती आणि साली एका रांगेत मांडत होती. मला वाटलं होतं की आता मिटच्या चामड्याला लावायच्या तेलापासून सुरुवात होणार.

"लिही," बाबा म्हणाले. "मी मेलेल्या हातातून आवाज काढत होतो."

"कोणाच्या?"

"हासेबेच्या."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते संत्र्याच्या सालींकडे बघत होते.

"ऐंशी सालच्या उन्हाळ्यातच त्याचा खांदा गेला. मला पहिल्या दिवशी कळलं. त्याचा चेंडू आधी हाताला चावायचा. मग नुसता येऊन बसायला लागला, पाहुण्यासारखा."

"मग सांगितलं नाहीत कोणाला?"

"कोणाला सांगू? मॅनेजरला? पिचरची चहाडी करू? अगं, आमचं काम न्हाव्यासारखं. गिऱ्हाइकाला टक्कल पडतंय हे तो काय दुकानाबाहेर येऊन ओरडतो?"

"निदान हासेबेकाकांना तरी."

"त्याला तर मुळीच नाही. त्याचा धीर सुटला असता. मी काय केलं, मिटमधला उरलासुरला भरावही काढला. चेंडू जितका हळू यायचा तितका मी हात पुढे नेऊन त्याला मारायचो. फट्! वर्षभर. तो विचारायचा, इसामु, आज कसा येतोय? मी म्हणायचो, आग! मग तो आगीसारखा मैदानात जायचा आणि राख होऊन परत यायचा. आणि मॅनेजर म्हणायचा, बुलपेनमध्ये तर फटाके फुटत होते, याला मैदानात काय होतं?"

"आजोबा, फटाके कुठे?" चिसाने विचारलं.

"संपले, बाळा."

मी लिहीत होते. बाबांचा आवाज एखाद्या कामाची कृती सांगताना असतो तसाच होता, सपाट.

"मग ती चौकशी. पाच जण, काळे कोट. पहिलाच प्रश्न, त्या दिवशी बुलपेनमध्ये चेंडू कसा येत होता? मी ताठ उभा राहिलो आणि म्हणालो, चेंडू उत्तम येत होता."

"पण का?"

"का म्हणजे काय? माझ्या पिचरबद्दल परकी माणसं विचारतायत आणि मी सांगू की फालतू येत होता? मला वाटलं मी त्याची बाजू घेतोय! बाहेर आलो तेव्हा मला स्वतःचा अभिमान वाटत होता. दोन दिवसांनी निकाल वाचला. बुलपेनमध्ये उत्तम आणि पाच मिनिटांनी मैदानात फालतू, म्हणजे मुद्दाम. माझं वाक्य जसंच्या तसं छापलं होतं."

"आणि हासेबेकाकांनी खांद्याचं सांगितलं नाही?"

"त्याला विचारलं होतं. हात दुखत होता का? तो म्हणाला, छे, हात झकास होता, कादोवाकीला विचारा."

चिसाने एक फोड माझ्या तोंडात घातली. ती गिळून मी विचारलं.

"म्हणजे त्यांनी सट्टेबाजाकडून काही घेतलंच नव्हतं?"

"ते मला नाही माहीत. त्या माणसाबरोबर दोनदा जेवला होता, हे खरं. घेतलंही असेल. पण मुद्दाम हरायला आधी जिंकता यावं लागतं गं. तो हात जिंकूच शकत नव्हता, आणि हे जगात एकट्या मला माहीत होतं."

हासेबे आता दोन स्टेशनं पलीकडे सायकली दुरुस्त करतो. बाबा दर नवीन वर्षाला त्याला हाताने लिहून शुभेच्छापत्र पाठवतात. उलट येतं ते दुकानाचं छापील, सगळ्या गिऱ्हाइकांना जातं तेच. चव्वेचाळीस वर्षं. बाबा ती पत्रं बिस्किटांच्या डब्यात ठेवतात. गिऱ्हाइकांच्या यादीत आपण आहोत, एवढ्यावर त्यांचं समाधान होतं, असं मला वाटायचं.

"हे छापून आलं तर माझं पान," बाबा म्हणाले. "नाही तर पान नको. तो म्हातारा झालाय. मीही झालोय."

मी ते जसंच्या तसं पाठवलं, आणि चौथ्या दिवशी त्सुरुमाकीसाहेब स्वतःच घरी आले. पेलिकनच्या आकाराच्या गोड वड्यांचा डबा, नवे कोरे मोजे, आणि बसल्या बसल्या तीनदा वाकून नमस्कार. चिसाने डबा उघडून एका पेलिकनची चोच खाल्ली.

"कादोवाकीसाहेब, तुम्ही म्हणजे आमच्या संघाची इस्टेट," ते म्हणाले. "पण एक शंका आहे हो. मेलेल्या हाताला असा आवाज यावा? चौकशीत पाच तज्ज्ञ बसले होते."

"ते चेंडू बघायला आले नव्हते. मी सांगितलेलं ऐकायला आले होते."

"तरी पण. आवाज म्हणजे आवाज. चेंडूत दम नसेल तर तो येणार कुठून?"

बाबा उठले. कपाटातून मिट काढलं, ते अजूनही दर रविवारी तेल लावून ठेवतात. "या बाहेर," म्हणाले.

"आत्ता? मी?"

"हो. तुम्ही टाका. मी झेलतो. मग कळेल तुम्हाला."

गल्लीत ऊन होतं. त्सुरुमाकीसाहेबांनी कोट काढून माझ्या हातात दिला, बाह्या दुमडल्या. पन्नाशीचा माणूस, पोट सुटलेलं, खांदे टेबलावर वाकून वाकून पुढे आलेले. पहिला चेंडू थेट ओकुनोकाकूंच्या कॅमेलियात गेला आणि दोन फुलं पडली.

"शाळेत मला नेहमी धावा लिहायला बसवायचे," ते ओशाळून म्हणाले.

दुसरा चेंडू निघाला. दमलेली चिमणी यावी तसा तो आला, वर चढला, जरा रेंगाळला, उतरला. बाबा चौऱ्याहत्तर वर्षांच्या गुडघ्यांवर बसले होते. त्यांचा डावा हात फक्त एवढासा पुढे झाला.

फट्!

कुत्रं पेटलं. ओकुनोकाकू दार उघडून बाहेर आल्या. "अगं बाई! कोण टाकतंय एवढ्या जोरात?"

त्सुरुमाकीसाहेबांनी आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. तळवा, मग मागची बाजू. "मी," ते म्हणाले.

"कळलं ना?" बाबांनी चेंडू परत फेकला.

"अजून एक टाकू?"

फट्! चिसा टाळ्या पिटायला लागली. फट्! समोरच्या घराची खिडकी उघडली. त्सुरुमाकीसाहेबांनी टायही काढला. त्यांचा पाय आता उंच उचलला जायला लागला होता, चेहरा लाल झाला होता, आणि पाचव्या चेंडूला, नुसत्या सवयीने, बाबांच्या तोंडून निघून गेलं, "वा! आग आहे, आग!"

त्यांनी लगेच ओठ मिटले. पण ते शब्द पोचले होते. त्सुरुमाकीसाहेब क्षणभर तसेच उभे राहिले, एखाद्याला भर वर्गात बक्षीस जाहीर व्हावं तसे.

तीस चेंडू झाले. एकतिसाव्याला त्यांनी खांदा धरला.

"आता पटलं?" बाबांनी उठता उठता विचारलं. त्यांना उठवायला मला हात द्यावा लागला. तर्जनी सुजून जांभळी झाली होती.

"पटलं," त्सुरुमाकीसाहेब म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "माझ्यात होतं. इतकी वर्षं कोणी सांगितलंच नाही हो मला."

ते गेले तेव्हा कोट माझ्याकडेच विसरून गेले. ओकुनोकाकू म्हणाल्या, "दिसतो मऊ, पण हात आहे माणसाला." बाबा बर्फाच्या पाण्यात बोट बुडवून बसले.

दुसऱ्या आठवड्यात पानाचं पक्कं प्रूफ आलं. उजवीकडचं पान होतं. टाय लावलेला फोटो वर, झकास. सोबत त्सुरुमाकीसाहेबांची चिठ्ठी. 'आवाज खोटा असू शकत नाही हे मी स्वतः अनुभवलं आहे, त्यामुळे हासेबे यांचा उल्लेख वगळला. मजकूर आता अधिक आनंददायी झाला आहे. हंगामाच्या पहिल्या सामन्यात मानाचा चेंडू मी स्वतः टाकणार आहे. झेलायला वडीलच हवेत, ही नम्र विनंती.'

बाबांनी भिंग घेतलं. चिसा त्यांच्या मांडीवर आडवी होऊन त्यांच्या पायजम्याची नाडी सोडत बसली होती. त्यांनी वरून खाली वाचलं, मग शेवटच्या ओळीवर भिंग थांबवलं आणि मला खूण केली. मी वाकून वाचलं.

'त्या सोनेरी दिवसांत कोणताही पिचर असो, चेंडू उत्तम येत होता.'

"हे वाक्य मी सांगितलं नव्हतं तुला," बाबा म्हणाले.

"मी लिहिलंच नव्हतं. त्यांनी घातलंय."

"हेच सांगितलं होतं मी तेव्हा. अगदी हेच." त्यांनी भिंग पुसलं, पुन्हा पुसलं. "दुसऱ्यांदा छापून येतंय."

खरं सांगायचं तर मला ते पान हवं होतं. चिसा मोठी होईल, ग्रंथ उघडेल, उजवीकडे टाय लावलेले आजोबा असतील. तांदूळवाला बघेल, न्हावी बघेल. हासेबेकाकांचं नाव नसलं म्हणून त्यांचं आणखी काय बिघडणार होतं? त्यांच्याकडे आता बिघडायला उरलं होतं काय? हे सगळं मनात आलं आणि मी फक्त एवढंच म्हणाले, "बाबा, फोटो फार छान आलाय."

"आलाय," ते म्हणाले. "पान काढ. मुखपृष्ठावरचे हातही काढ."

"हात कशाला? हातांनी काय केलंय?"

"हातांनीच तर केलंय सगळं."

दुपारी चिसा झोपल्यावर मी बसले. आधी उजवा हात पुसला. तो सोपा होता. मग डावा. पंजा गेला, अंगठा गेला, आणि ती वाकडी तर्जनी राहिली. लहानपणी रस्ता ओलांडताना मी तिलाच धरायचे, कारण वाकडी असल्याने ती आकड्यासारखी हातात अडकून बसायची, सुटायची नाही. मी तिच्यावर आकाश ओढलं. मॅनेजर इगारी, शहाऐंशी किलो, आता कशाच्याही आधाराशिवाय हवेत आडवे होते आणि तोंड उघडं टाकून हसत होते.

चार मिनिटांत उत्तर आलं. 'अप्रतिम! आता साहेब खरोखर पेलिकनसारखे उडतायत. रिकाम्या झालेल्या पानावर नव्या बाथटबची जाहिरात बसते का बघा. आणि मानाच्या चेंडूचं काय ठरलं?'

"काय कळवू?" मी बाबांना विचारलं.

ते टॉवेलांच्या घड्या घालत होते. "कळव की कादोवाकीचा हात दुखतोय."

आमच्या गावच्या बेसबॉलमध्ये हे साधं वाक्य बोलायला चव्वेचाळीस वर्षं लागली.

संध्याकाळी त्यांनी माझ्याकडून तो मूळ मजकूर मागून घेतला. सुजलेलं बोट बाजूला धरून सगळा स्वतःच्या अक्षरात उतरवला, पाकिटात घातला, वर सायकलच्या दुकानाचा पत्ता लिहिला. चिसाला घेऊन कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत गेले. पाकीट तिनेच टाकलं म्हणे, आणि पेटीला आत तळ आहे का, असं विचारलं म्हणे.

त्याला नऊ दिवस झाले. काही आलेलं नाही. बाबा रोज टपालवाल्याच्या वेळेला व्हरांड्यात काहीतरी झटकत असतात.

आजही झटकत होते. चिसा उठली ती हट्ट घेऊनच, मला पण पिचर व्हायचंय. बाबांनी बोटाला पट्टी गुंडाळली, मिट घातलं, दिवाणखान्याच्या त्या टोकाला गुडघ्यांवर बसले. चेंडू म्हणून माझ्या नवऱ्याच्या लोकरी मोज्यांचा बोळा. चिसाने जीभ बाहेर काढून, डोळे मिटून, सगळं अंग फेकून तो टाकला. बोळा कसाबसा चटईच्या कडेपर्यंत गेला. तिथे बाबांचा हात पुढे आला होता.

फट्!

लोकरी मोज्यांतून तो आवाज त्यांनी कसा काढला, मला ठाऊक नाही.

चिसाने डोळे उघडले. आधी स्वतःच्या हाताकडे बघितलं, मग मिटकडे. बाबा नेहमीसारखं ओरडणार होते, तोंड उघडलं होतं, पण शब्द आला नाही. ते माझ्याकडे बघत राहिले. चिसा धावत आली, माझ्या गुडघ्यावर दोन्ही कोपरं टेकवली आणि मला विचारलं, "आई, मी खरंच एवढ्या जोरात टाकला, का आजोबांनीच आवाज काढला?"